निकाल विक्रमी, तरी भाव खाली : एनव्हिडियाच्या बातमीत नेमकं काय वाचायचं?

मृदगंध

१९ नोव्हेंबर २०२५ला चिपा बनवणाऱ्या एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीचे तिमाही निकाल आले, त्या दिवसापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतो आहे.

बाजार बंद झाल्यावर न्यूयॉर्कच्या वेळेने चार वाजून वीसेक मिनिटांनी आकडे आले. महसूल ५७ अब्ज डॉलर, गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा ६२ टक्के जास्त. त्यातले ५१.२ अब्ज एकट्या डेटा सेंटरचे, म्हणजे मुख्यतः एआयसाठीच्या चिपांचे. पुढच्या तिमाहीसाठी कंपनीचा स्वतःचा अंदाज ६५ अब्ज. विश्लेषक जे धरून बसले होते त्यापेक्षा सगळंच वर. दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर जवळपास ५ टक्के वर गेला. मला वाटलं, आता थांबण्यात अर्थ नाही. होते त्यात आणखी शेअर घेतले. दुपारपर्यंत सगळी वाढ पुसली गेली आणि बंद होताना शेअर आदल्या दिवसापेक्षा ३ टक्के खाली होता. त्या दिवशी अख्खा नॅस्डॅक निर्देशांकच घसरला हे खरं, पण निकाल तर एनव्हिडियाचे होते आणि ते उत्तम होते!

तोट्याचा आकडा मोठा नाही. त्रास याचा होतो की मी बातमी नीट वाचली होती आणि ती खरी होती. मग चुकलं कुठे? निकालांच्या आणि बातम्यांच्या दिवसांचा ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निवांत

नफावसुली. वर्षभर चढलेला शेअर चांगल्या बातमीवर विकणारे असतातच. त्यात फार खोल शोधू नका.

आकडेशाई

@निवांत, नफावसुली म्हणून मोकळं होता येतं, पण त्यातून पुढच्या वेळी काय करायचं ते कळत नाही. याच कंपनीचे तीन दिवस शेजारी ठेवून बघा.

२४ मे २०२३. पुढच्या तिमाहीचा अंदाज ११ अब्ज. बाजार ७ अब्जांच्या आसपास धरून होता. दुसऱ्या दिवशी शेअर २४ टक्के वर.

२८ ऑगस्ट २०२४. महसूल ३० अब्ज, वर्षभरात १२२ टक्के वाढ. दुसऱ्या दिवशी ६ टक्के खाली.

२६ फेब्रुवारी २०२५. महसूल ३९.३ अब्ज. दुसऱ्या दिवशी साडेआठ टक्के खाली.

म्हणजे आकडा मोठा होत गेला आणि भाव पडत गेला. २०२३मध्ये कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं ते घडलं. २०२४पासून अंदाजापेक्षा एक-दोन अब्ज जास्त येणं हेच गृहीत धरलं जायला लागलं. छापून येणारा अंदाज एक असतो आणि मोठे फंड मनात धरून बसलेला आकडा दुसरा असतो. शेअर हलतो तो या दुसऱ्या आकड्यावर. मृदगंध, तुम्ही छापील आकड्याशी तुलना करून खरेदी केलीत. तुमचं वाचन बरोबर होतं, मोजपट्टी चुकली.

ध्रुवतारा

आकडेशाई म्हणतात त्या मनातल्या आकड्याचा पुसटसा माग ऑप्शनच्या भावात लागतो. निकालाच्या आदल्या दिवशी, त्याच आठवड्यात संपणारा, चालू भावाला अगदी जवळचा कॉल (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) आणि पुट (विकण्याचा हक्क) घ्या. दोघांच्या किमतीची बेरीज करा आणि तिला शेअरच्या भावाने भागा. समजा शेअर १०० डॉलर आहे, कॉल साडेतीन आणि पुट साडेतीन. म्हणजे बाजार साधारण ७ टक्के हालचाल धरून आहे, वर किंवा खाली. दिशा त्यातून कळत नाही, ताण किती आहे ते कळतं.

निकाल लागले की ती अनिश्चितता एका रात्रीत संपते आणि ऑप्शनचं प्रीमियम, म्हणजे त्याची किंमत, धाडकन बसतं. शेअर २ टक्के वर गेला तरी कॉल घेणारा तोट्यात, असं कितीतरी वेळा होतं. नवीन मंडळींनी निकालाच्या रात्री कॉल घेऊ नयेत असं मी कळकळीने सांगेन. दिशा बरोबर ओळखूनही पैसे जाणं फार जिव्हारी लागतं.

पिक्सेलप्रेमी

मी या कंपनीकडे आलो ते खेळांमुळे. नवीन ग्राफिक्स कार्डाची घोषणा झाली की शेअर हलणार, असा माझा बरीच वर्षं समज होता. पूर्वी त्यात तथ्यही होतं. ऑक्टोबर २०१८ला संपलेल्या तिमाहीत ३.१८ अब्जांपैकी १.७६ अब्ज गेमिंगचे होते, निम्म्याहून जास्त. आताच्या ५७ अब्जांत गेमिंग आहे ४.३ अब्ज. साडेसात टक्के.

जानेवारी २०२५ची गोष्ट घ्या. ६ तारखेला शेअर विक्रमी भावावर बंद झाला. त्याच रात्री लास वेगासमध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी आरटीएक्स ५० ही कार्डांची मालिका दाखवली, ५०९० कार्ड १,९९९ डॉलरला. आमच्या वर्तुळात दुसरा विषय नव्हता. दुसऱ्या दिवशी शेअर ६ टक्के खाली! कार्ड वाईट होतं म्हणून नव्हे. बाजाराला त्या भाषणातून डेटा सेंटरबद्दल नवं काही हवं होतं, कार्डांची चर्चा त्याला नकोच होती. तेव्हापासून कार्डांची परीक्षणं मी आवडीने वाचतो, पण शेअरसाठी वाचत नाही.

जुनीवही

पिक्सेलप्रेमी यांनी २०१८ काढलं, म्हणून लिहितो. मी प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंद हाताने वहीत करतो, कारणासकट. २०१८चं पान समोर आहे.

सप्टेंबर २०१८मध्ये २७० डॉलरला घेतले. कारण लिहिलंय, 'गेमिंग जोरात, मागणी पुरी होत नाही'. पानाच्या कडेला नंतर लाल शाईने लिहिलंय, 'कुणाची मागणी?'

तो प्रश्न मला आधी पडायला हवा होता. २०१७ आणि २०१८च्या सुरुवातीला ग्राफिक्स कार्डं खेळणाऱ्यांबरोबर इथर हे क्रिप्टोचलन खणणारेही, म्हणजे कार्डांवर गणितं चालवून ते मिळवणारेही, घेत होते. इथरचा भाव कोसळला तशी ही खरेदी थांबली, आणि खणणाऱ्यांनी वापरलेली कार्डं जुन्या बाजारात ओतली. ऑगस्टच्या निकालात खूण समोर होती. क्रिप्टोसाठीच्या उत्पादनांतून १० कोटी डॉलर येतील असा कंपनीचा अंदाज होता, आले १.८ कोटी. मी ते वाचलं आणि सोडून दिलं, कारण गेमिंगचा आकडा सुंदर दिसत होता.

आता हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण मला तो फार महाग पडला. एनव्हिडिया बहुतेक कार्डं थेट ग्राहकाला विकत नाही. ती चिप विकते कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांना, त्या वितरकाला देतात, वितरक दुकानाला. चिप कंपनीच्या दारातून बाहेर पडली की तिच्या वहीत विक्री झाली. कार्ड दुकानाच्या फळीवर धूळ खात पडलं असलं तरी महसूल दिसतोच. माल विकला गेलाय की नुसता पुढे ढकलला गेलाय, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

१५ नोव्हेंबर २०१८. पुढच्या तिमाहीचा अंदाज २.७ अब्ज, बाजार धरून होता ३.४ अब्ज. कारण तेच, मधल्या श्रेणीची जुनी कार्डं वितरकांकडे तुंबली होती. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे १९ टक्के खाली. कंपनीचा स्वतःचा साठाही जानेवारीत ७९.६ कोटी होता तो ऑक्टोबरअखेर १.४२ अब्जांवर गेला होता. नाताळच्या आठवड्यात माझा धीर सुटला आणि १३०च्या आसपास सगळे विकले. २८ जानेवारी २०१९ला कंपनीने अंदाज आणखी खाली, २.२ अब्जांवर आणला. शेअर पुन्हा १४ टक्के पडला तेव्हा मी वाचलो असं वाटलं होतं. पुढे शेअर कित्येक पट चढला, ते सगळ्यांना माहीत आहे.

मे २०२२मध्ये अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकाने, या प्रकरणात कंपनीला ५५ लाख डॉलर दंड केला. २०१७च्या दोन तिमाहींत गेमिंगच्या वाढीत क्रिप्टोचा वाटा मोठा होता आणि ते गुंतवणूकदारांना पुरेसं सांगितलं नाही, असा ठपका होता. कंपनीने आरोप मान्य वा अमान्य न करता दंड भरला. माझ्यासारख्यांना त्यातून एक दमडी मिळाली नाही, पण लाल शाईतला प्रश्न योग्य होता याची खात्री पटली.

निवांत

जुनीवही, पान उघडून दाखवल्याबद्दल मनापासून आभार. पण २०१८च्या चष्म्यातून आज बघणं मला पटत नाही. तेव्हाचे वाढीव गिऱ्हाईक इथर खणणारे होते. आजचे गिऱ्हाईक मायक्रोसॉफ्ट, गुगल, अॅमेझॉन, मेटा. त्यांच्या तिजोऱ्या भरलेल्या आहेत.

आकडेशाई

तिजोऱ्या भरलेल्या आहेत, आणि त्या मोजक्या आहेत. जुलै २०२५ला संपलेल्या तिमाहीच्या अहवालात दोन थेट ग्राहकांचा वाटा २३ आणि १६ टक्के दिलाय. दोघे मिळून ३९. थेट ग्राहक म्हणजे बरेचदा सर्व्हर बांधणाऱ्या कंपन्या, त्यांच्यामागे खरा खरेदीदार वेगळा. जुनीवही म्हणतात ती वितरकाची साखळी इथेही आहेच, फक्त कड्या मोठ्या झाल्यात.

कवडसा

दुसऱ्या प्रकारच्या दिवसाबद्दल लिहिते. २७ जानेवारी २०२५, सोमवार. शेअर १७ टक्के पडला आणि एका दिवसात जवळपास ५८९ अब्ज डॉलरचं बाजारमूल्य गेलं. कुठल्याही कंपनीची एका दिवसातली ती सर्वांत मोठी घट होती.

कारण होतं डीपसीक ही चिनी एआय कंपनी. पण तारखा बघा. त्यांचं आर-१ मॉडेल २० जानेवारीला आलं होतं. आधीच्या व्ही-३ मॉडेलचा शोधनिबंध डिसेंबरमध्येच प्रसिद्ध झाला होता, आणि एनव्हिडियाच्याच २,०४८ एच-८०० चिपांवर सुमारे ५६ लाख डॉलरमध्ये प्रशिक्षण झाल्याचा दावा त्यात उघड लिहिलेला होता. म्हणजे बातमी महिनाभर सगळ्यांसमोर पडून होती. शनिवार-रविवारी त्यांचं अॅप अमेरिकेत डाउनलोडच्या यादीत पहिलं आलं, घराघरात चर्चा झाली आणि सोमवारी बाजाराने ती बातमी 'वाचली'. मंगळवारी शेअर ९ टक्क्यांच्या आसपास परत वर.

तो सोमवार मी कामावर होते. दर पाच मिनिटांनी फोन बघत होते. जेवणाच्या सुट्टीत मी शोधनिबंध उघडला आणि खर्चाचा तक्ता शोधला. तो आकडा फक्त शेवटच्या प्रशिक्षणाच्या फेरीचा आहे, आधीचं संशोधन आणि प्रयोग त्यात धरलेले नाहीत, हे त्यांनी स्वतःच तिथे लिहिलंय. ते एक वाक्य वाचलं आणि विक्रीची ऑर्डर भरून ठेवली होती ती रद्द केली. मी हुशारी केली असा दावा नाही, शेअर आणखी पडलाही असता. पण मूळ कागद दहा मिनिटांत वाचता येण्यासारखा असताना आपण त्याच्या बातमीच्या बातमीवर निर्णय घेतो, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मृदगंध

कवडसाताई, हे भिडलं. मी १९ तारखेला कंपनीचा मूळ अहवाल उघडलाच नव्हता. मथळे आणि आलेख, एवढंच.

एक विचारतो. जुनीवही यांच्या हिशेबाने आज 'दुकानाची फळी' कुठे आहे? माल तुंबला तर तो कुठे तुंबेल?

जुनीवही

अगदी योग्य प्रश्न. माझं उत्तर : विजेच्या जोडणीपाशी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला एका मुलाखतीत म्हणाले की अडचण चिपांच्या तुटवड्याची नाही, विजेची आहे, आणि जोडता न आलेल्या चिपा पडून राहू शकतात. हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय. एनव्हिडियासाठी ती चिप विकली गेली. गिऱ्हाइकासाठी ती गोदामात आहे. २०१८मध्ये वितरकाकडे होती तशीच.

निवांत

पण कंपनीचा स्वतःचा साठा वाढतोय त्याला तुम्ही भीतीचं लक्षण मानता का? माझ्या मते तो पुढच्या मागणीची तयारी आहे. अंदाज ६५ अब्जांचा असेल तर कच्चा माल आधी घ्यावाच लागेल. चिपा टीएसएमसी या तैवानी कंपनीकडे बनतात, मेमरी वेगळीकडून येते, जुळणी तिसरीकडे. महिनोन्महिने आधी पैसे गुंतवावे लागतात.

आकडेशाई

निवांत, यावेळी तुमच्याशी बराचसा सहमत. या तिमाहीत साठा आधीच्या तिमाहीपेक्षा ३२ टक्के वाढून १९.८ अब्ज झाला, आणि पुरवठादारांना दिलेल्या खरेदीच्या हमी ६३ टक्के वाढल्या. नुसता वरचा आकडा बघून घाबरायचंही नाही आणि खूशही व्हायचं नाही. कंपनी एसईसीकडे जो तिमाही अहवाल भरते, त्यात साठ्याचे तीन भाग दिलेले असतात : कच्चा माल, निर्मितीत असलेला माल आणि तयार माल. पहिले दोन वाढले तर निवांत यांचं बरोबर, कारखाना तयारी करतोय. तयार माल विक्रीपेक्षा वेगाने वाढायला लागला तर जुनीवही यांचं बरोबर. त्याच्या शेजारी येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, किती दिवसांत वसूल होतात ते बघायचं. गिऱ्हाईक पैसे द्यायला वेळ लावू लागलं की ते तिथे आधी दिसतं, मथळ्यात नंतर.

यासाठी नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोची आठवण ठेवावी. मार्च २००० मध्ये इंटरनेटचा पाया म्हणून ती जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी होती. मागणी थांबणार नाही या हिशेबाने पुरवठादारांना शब्द दिले आणि २००१मध्ये २ अब्ज डॉलरहून जास्त साठा बुडीत लिहावा लागला. कंपनी टिकली, आजही नफ्यात आहे. पण २०००चा तो भाव परत बघायला पंचवीस वर्षं लागली. इंटरनेटबद्दलची बातमी खरीच होती. भाव चुकला होता.

पिक्सेलप्रेमी

घसाऱ्याच्या वादाबद्दलही कुणीतरी लिहा. २००८च्या पडझडीआधी गृहकर्जांविरुद्ध पैज लावणारे गुंतवणूकदार मायकल बरी यांनी नोव्हेंबरमध्ये जो काढला तो.

ध्रुवतारा

थोडक्यात सांगतो. डेटा सेंटरवाले सर्व्हरची किंमत पाच-सहा वर्षांत विभागून खर्च दाखवतात. बरी यांचं म्हणणं, एनव्हिडिया आता दरवर्षी नवी चिप आणते, तेव्हा जुनीचं खरं आयुष्य त्याहून कमी आहे आणि या कंपन्यांचा नफा फुगवून दिसतोय. एनव्हिडियाच्या वित्तप्रमुख कोलेट क्रेस यांनी निकालाच्या कॉलवर उत्तर दिलं की सहा वर्षांपूर्वी पाठवलेल्या ए-१०० चिपा अजून पूर्ण क्षमतेने चालू आहेत.

यावर कंपन्यांचंच एकमत नाही हे मला जास्त बोलकं वाटतं. २०२५च्या जानेवारीपासून मेटाने सर्व्हरचं आयुष्य वाढवून साडेपाच वर्षं केलं, तर अॅमेझॉनने काही सर्व्हरांचं सहावरून पाचवर आणलं. एकाच वर्षी, एकाच प्रकारच्या यंत्रांसाठी, उलट दिशांना.

कवडसा

जुनी चिप 'चालू आहे' आणि ती 'तेवढेच पैसे कमावते आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रेस यांचं उत्तर पहिल्या प्रश्नाचं आहे. ए-१००चं तासाचं भाडं गेल्या काही वर्षांत किती उतरलं हे बघितलं तर दुसऱ्याचं उत्तर मिळायला मदत होईल.

निवांत

हे मान्य. भाड्याचे दर मी बघत नव्हतो, आता बघेन. पण एक बाजू माझीही ऐका, कारण या धाग्यावर वातावरण फार काळजीचं झालंय. १९९९च्या जानेवारीत १२ डॉलरला घेतलेल्या एका शेअरचे सहा विभाजनांनंतर (एका शेअरचे अनेक करण्याला विभाजन म्हणतात) आज ४८० शेअर झालेत. मधल्या काळात काय नाही झालं? जुलै २००८मध्ये लॅपटॉपच्या चिपांमधल्या सदोष साहित्यापायी १५ ते २० कोटी डॉलरचा फटका जाहीर झाला आणि शेअर एका दिवसात ३१ टक्के पडला. नोव्हेंबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२मध्ये दोन तृतीयांश किंमत गेली. प्रत्येक वेळी विकण्याचं सज्जड कारण हातात होतं. २००६मध्ये कुडा, म्हणजे ग्राफिक्स चिपांवर इतर गणनाही करू देणारी एनव्हिडियाची सॉफ्टवेअर प्रणाली, आली तेव्हा त्यावर होणाऱ्या खर्चाबद्दल गुंतवणूकदार वर्षानुवर्षं कुरकुरत होते. आज कंपनीचं खरं बळ तेच आहे.

जुनीवही

निवांत, हे मलाच सांगण्यासारखं आहे. माझ्या नाताळच्या विक्रीचा हिशेब मी कधी पुरा केला नाही, करवत नाही. २०१८मध्ये माझं विश्लेषण उशिरा का होईना बरोबर होतं आणि तरी निर्णय चुकला. तुंबलेली कार्डं दोन-तीन तिमाहींत खपणार होती. कंपनीचं मूळ काम बिघडलेलं नव्हतं. माल तुंबलाय हे ओळखणं एक, आणि तो किती काळ तुंबेल हे ओळखणं दुसरं. दुसरं मला जमलं नाही.

मृदगंध

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री तिमाही अहवाल उघडून बसलो. साठ्याची टीप शोधायला अर्धा तास गेला, पण सापडली. तीन ओळी आहेत, तीन आकडे. आधीच्या चार तिमाहींचे तेच आकडे काढून एका कागदावर शेजारी शेजारी लिहिलेत, येणीच्या दिवसांसकट. भाड्याच्या दरांसाठी एक रिकामा रकाना ठेवलाय.

२० तारखेला घेतलेले शेअर तूर्त ठेवतोय, फेब्रुवारीच्या शेवटी पुढचे निकाल येतील तोपर्यंत. त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी काहीही खरेदी करणार नाही, आधी कागद भरणार. जुनीवही, एक सांगा, तुम्ही कारण लिहिता ते खरेदीच्या आधी की नंतर?

जुनीवही

आधी. आणि लिहून झालं की वही मिटतो, ऑर्डर दुसऱ्या दिवशी टाकतो. २०१८मध्ये नंतर लिहीत होतो.